सुतळीला बांधलेला ग्लास

भाविका यायच्या आधी तिचा ग्लास यायचा. सॅकच्या डाव्या बंदाला सुतळीने बांधलेला साधा स्टीलचा ग्लास, बुडाशी पोचे आलेला. ती जिना चढायला लागली की तो पाण्याच्या बाटलीवर आपटत यायचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून मला कळायचं, आज ही दमलेली आहे की तरतरीत. दमलेली असली की दोन आवाजांत जास्त अंतर पडायचं.

मागच्या आठवड्यात एका सभेत कुणीतरी माझ्या हातात कागदी कपातला चहा दिला. मी तो प्यायले, कप चुरगळला आणि खुर्चीखाली ठेवला. काही वाटलं नाही. घरी आल्यावर हे लिहायला बसले.

पनवेलला एसटी स्टँडच्या मागे एका काकूंच्या घरात आम्ही दोघी कॉलेजची अडीच वर्षं एका खोलीत राहिलो. मी खोपोलीची. ती उलव्याच्या अलीकडच्या एका गावातली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर हे पुन्हा एक पत्रक होईल, आणि त्या गावासाठी मी एकदा पत्रक काढलेलं आहे. गाव तसं जवळच होतं, पण भरावाच्या रस्त्यावर बसचा भरवसा नव्हता आणि तिची प्रॅक्टिकल उशिरापर्यंत चालायची, म्हणून ती खोली घेऊन राहिली.

आमच्या घरी दिवाणाखाली धान्य नसायचं, पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील कारखान्याच्या युनियनचं काम करायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. शाळेच्या नळाला पाणी नव्हतं तेव्हा मी सातवीत पहिलं पत्रक लिहिलं. एखादी गोष्ट चुकीची असेल तर मागणी करायची असते, हे मला तेव्हापासून पक्कं माहीत होतं. स्वतःच्या बादलीपासून सुरुवात करणारी माणसं मला मनातून जरा हास्यास्पद वाटायची.

भाविका बादलीपासूनच सुरुवात करायची. वडिलांच्या साइटवरून आणलेल्या एका मोठ्या घमेल्यात उभी राहून ती अंघोळ करायची. अंगावरून ओघळून घमेल्यात जमेल तेवढं पाणी ती संडासात ओतायला ठेवायची. पहिल्या दिवशी मी विचारलं, "हे काय?" ती केस पुसत म्हणाली, "टँकरचं पाणी आहे. दोनदा वापरलं तर टँकरवाल्याचा काय अपमान होतो का?"

बाल्कनीत रंगाच्या जुन्या डब्यात ती ओला कचरा साठवायची. गावाहून पिशवीभर माती आणलेली. भाजीच्या देठांवर मूठभर माती, त्यावर सालं, परत माती. पावसाळ्यात त्याला वास सुटला तेव्हा काकू वर आल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कुत्रं पाळा, मांजर पाळा, मी काही बोलले का? पण कचरा कसला पाळता गं?" भाविका डब्यात हात घालून माती वरखाली करत होती. "काकू, हा भुंकत नाही." काकू हसू दाबत खाली गेल्या. दोन महिन्यांनी त्याच काकू जिन्यात तिला गाठून हळूच म्हणाल्या, "त्यातलं थोडं काळं दे गं, तुळस धरत नाहीये." भाविकाने कागदाच्या पुडीत बांधून दिलं. त्यानंतर वासाची तक्रार आली नाही. वास मात्र होताच.

ती पुडीही माझ्या पत्रकाचीच होती. माझी उरलेली पत्रकं ती मागून घ्यायची, मधोमध दुमडायची, जाड दोऱ्याने शिवायची आणि त्यात प्रॅक्टिकलच्या कच्च्या नोंदी करायची. मला ती 'लीडर' म्हणायची. "काय लीडर, तुझ्या क्रांतीची मागची बाजू कोरी आहे ना? दे मग इकडे." मी चिडायचे. ज्या मजकुरासाठी मी रात्रभर शब्द शोधले, त्याच्या पाठीवर तिचं पाण्यातल्या नायट्रेटचं प्रमाण. ती म्हणायची, "अगं, निदान मी तरी रोज हातात धरते. बाकीचे काय करतात ते बघितलंय का स्टँडवर?"

'निदान' हा तिचा शब्द होता. 'निदान माझ्या हातून नको.' पिशवी नको म्हणताना, पंखा बंद करताना, ताटात उरलेलं पुसून खाताना. भाषण नाही, सल्ला नाही. आपल्याला एवढंच जमणार आहे, असं गृहीत धरलेला आवाज.

मासळी बाजारात ती डबा घेऊन जायची. मोऱ्याहून येणारी एक कोळीण मावशी ठरलेली होती. डबा पुढे आला की मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडायची, "आली गो, डबेवाली आली! अगो, उद्या नवरा पन डब्यात घालून नेशील काय?"

"नेईन ना मावशे. झाकन लागला पायजे फक्त."

"मंग बारका बघ!"

आजूबाजूच्या बायका खदाखदा हसायच्या. हे बोलताना भाविकाची भाषा बदलायची. कॉलेजात ती माझ्यासारखं बोलायची, बाजारात आणि घरी ण आणि ळ दोन्ही गळून पडायचे. माझ्याशी गावचं बोलायची ती फक्त खूप रागावली किंवा खूप थकली की.

ती संत नव्हती. तिला मसाला वेफर्स लागायचे. आठवड्यातून तीन पाकिटं तरी. प्रत्येक रिकामं पाकीट ती धुऊन, वाळवून, कापून पाण्याच्या बाटलीत काठीने ठासून भरायची. अशा भरलेल्या बाटल्या तिच्या कॉटखाली रांगेने उभ्या होत्या. "हे काय करणार आहेस?" मी विचारलं. ती म्हणाली, "माहीत नाही. माझी पापं आहेत. नजरेसमोर असलेली बरी." खोली सोडताना ती त्या सगळ्या गोणीत भरून गावी घेऊन गेली. पुढे त्यांचं काय झालं, मी विचारलं नाही.

एकदा मी तिला सरळच बोलले. कसल्यातरी मोर्च्यावरून आले होते, घसा बसला होता, आणि ही खाली बसून घमेल्यातलं पाणी बादलीत उपसत होती. मी म्हणाले, "भाविका, डोंगरच्या डोंगर फोडून खाडीत ओततायत, आणि तू मग्ग्याने पाणी वाचवतेस. कळतंय का तुला किती निरर्थक आहे हे?"

ती थांबली नाही. उपसणं संपलं तेव्हा म्हणाली, "त्यातला थोडा डोंगर आमच्या बापसाच्या डंपरमधून जातो. तुला माहिती नाही ना? माझी फी कोण भरतं? डंपर. हे जे मी पाणी-पाणी करते, ते शिकायला मला डंपरनीच पाठवलंय."

पत्रकात असं वाक्य बसत नाही.

"शेत गेलं, मिठागर गेलं, आलेल्या पैशातून बापसानी डंपर घेतला," ती म्हणाली. "दुसरं काय करणार होता? तो वाईट मानूस नाय." शेवटचं वाक्य गावच्या बोलीत होतं, म्हणून मी पुढे बोलले नाही.

तिच्या घराच्या मागे तळं होतं. चार घरांच्या मागच्या दारांना लागून, दगडी पायऱ्या, एका कोपऱ्यात कमळं. गावाला उरलेली मोकळी जागा तेवढीच. शेतं संपादनात गेलेली, गुरचरण गेलेलं, घरं एकमेकांना खेटून तीन-तीन मजले चढलेली. त्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा भाविका चहा झाल्यावर आमचे दोघींचे ग्लास घेऊन मागच्या दाराने खाली उतरली आणि पायरीवर बसून ते तळ्यात विसळले. घरात नळ होता. मी कारण विचारलं. "आम्ही इथंच विसळतो," ती म्हणाली. मग पायरीकडे बोट दाखवून, "इथून मला बापसानी पाण्यात ढकललेलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. डब्याने तरंगायला शिकले मी. म्हणून डबेवाली."

आणि त्याच तळ्यात प्रत्येक हळदीनंतर ताटं पडायची. त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम. अख्खं गाव आणि आजूबाजूची चार गावं जेवून जातात. जेवण झालं की थर्माकोलची ताटं, प्लॅस्टिकचे ग्लास मागच्या बाजूला भिरकावायचे, वारा ते तळ्यात नेणार. भाविका दुसऱ्या दिवशी बांबूला आकडा बांधून ती ताटं बाहेर ओढायची. लहान असल्यापासून. तिच्या भावाचं, जितूदादाचं लग्न ठरलं, तेव्हा ती खोलीवर येऊन म्हणाली, "या हळदीचं एक पण ताट तळ्यात जाणार नाही. बाकी मला काही नको." आयुष्यात तिने इतक्या ठामपणे मागितलेली मला माहीत असलेली ही एकच गोष्ट.

उपाय तिने गावातच शोधला. पूर्वी गावकीची स्वतःची भांडी होती. गावकी म्हणजे सगळ्या गावाचा मिळून चालणारा कारभार. ज्याच्या घरी कार्य त्याने भांडी न्यायची, धुऊन परत करायची. केटरर यायला लागले तशी ती देवळामागच्या खोलीत बंद झाली. चावी हिराजीबाबा नावाच्या म्हाताऱ्याकडे होती. आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कनवटीची चावी काढून दाखवली. "चावी हाय. कुलूप गंजलाय." भाविका घरून खोबरेल तेल घेऊन आली, कुलपात ओतलं आणि देवळाच्या कट्ट्यावर तासभर बसून राहिली. मग कुलूप उघडलं. आत ताटांच्या थप्प्या, वाट्या, पितळी टोप. प्रत्येकावर गावाचं नाव ठोकलेलं. हिराजीबाबांनी एक ताट धोतराने पुसलं आणि त्यात आपलं तोंड बघितलं. "माज्या लग्नाला याच्यानच जेवलो," ते म्हणाले.

घरचे तयार व्हायला वेळ लागला नाही. जितूदादाला ते भारी वाटलं, मित्रांत काहीतरी वेगळं. बापूस म्हणाला, "पोरगी म्हनते तर होऊन जाऊं दे." आई काही बोलली नाही. मला नंतर आठवलं की ती काहीच बोलली नव्हती.

हळदीला मी होते. धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी गाणी गात करणारी बाई, ओट्यावर बसून धवळे म्हणत होती आणि बाहेर डीजे वाजत होता. दोघांनी एकमेकांना जुमानलं नाही. पंगती स्टीलच्या ताटांत जेवल्या. लोकांनी ताटांचे व्हिडिओ काढले, मीही फोटो काढत फिरले. कुणीतरी भाविकाच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "नाव काढलंस गो." ती हळदीने पिवळी झाली होती आणि मी तिला तेवढी खूश कधी पाहिली नाही. झोपायच्या आधी ती मागच्या दारात जाऊन तळ्याकडे बघून आली.

सकाळी मी उठले तेव्हा बायका तळ्याच्या काठावर बसलेल्या होत्या. आई, काकी, आत्या, शेजारच्या दोन नव्या सुना. मध्ये ताटांचा ढीग. तेलकट, रस्सा वाळून चिकटलेला. घरातल्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून टँकर आला होता. पुरुष मांडवात झोपले होते, काही गाद्यांवर, काही खुर्च्या जोडून. भाविका कधीपासून बसली होती कोण जाणे, तिच्या बोटांची सालं निघायला लागली होती. मीही बसले.

काकी म्हणाली, "केटररचा पोरगा होता तर आता मी चा पित असते."

आत्या म्हणाली, "हिला दे ना घासाला, फोटू काढनारीला," आणि माझ्याकडे एक टोप सरकवला. सगळ्या हसल्या. भाविका हसली नाही.

आईने हातातलं ताट खाली ठेवलं आणि मनगट धरलं. ते सुजलं होतं. ती ओरडली नाही, साध्या आवाजात म्हणाली, "भावी, तुजा तला वाचला. माजा हात बघ."

भाविकाने हात बघितला. मग तळं बघितलं. आम्ही काठावर घासत होतो, आणि साबणाचं पाणी उताराने तळ्यातच जात होतं. पायऱ्यांपासून कमळांपर्यंत पांढरा फेस पसरला होता. त्या तळ्याच्या पाण्याचे नमुने काचेच्या नळीत घेऊन ती प्रॅक्टिकलला आणायची. तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पनवेलला परतताना बसमध्ये ती एकच वाक्य बोलली. "ताटं मोजली, मानसं मोजली, हात नाय मोजले."

यापुढचं माझ्यामुळे झालं. तसं तिने कधी म्हटलं नाही.

आठ दिवस गेले. मग ती म्हणाली, "ताटं परत बंद करायची नाहीत. पण बायांना बसून घासायला ओटा पाहिजे, नळ पाहिजे, पाणी बाहेर जायला गटार पाहिजे. गावकीला सांगायला पाहिजे. तू लिहून देशील?" मला आनंद झाला. शेवटी ही मागणीपर्यंत आली होती. मी कागद घेतला. ती म्हणाली, "जागा लिहू ना? देवळामागं बोळ आहे, तिथं चार बाया बसतील एवढं होईल."

मी म्हणाले, "बोळ काय मागतेस? मागणी मोठी ठेवायची असते. मग खाली येता येतं." आणि मी लिहिलं: 'गावातील महिलांवर पडणारा कामाचा बोजा लक्षात घेता, गावकीच्या मालकीच्या जागेवर भांडी घासण्यासाठी ओटा, नळ व सांडपाण्याची सोय तातडीने करण्यात यावी.'

तिने दोनदा वाचलं. "गावकीच्या मालकीची जागा," ती पुटपुटली. तिला काहीतरी खटकलं असावं. मग म्हणाली, "तुला कळतं त्यातलं, लीडर."

गावकीची सभा रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात भरली. बायका पायऱ्यांवर. भाविका उभी राहून वाचायला लागली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान वळवून बघितलं, मुलगी सभेत बोलते म्हणून. ती न थांबता वाचत गेली. वाचून झालं. हिराजीबाबा म्हणाले, "पोरीनी बरोबर लिवलाय." मागून बायकांचा हुंकार आला. मला वाटलं, जिंकलो.

मग जितूदादाचा एक मित्र उभा राहिला. उत्साही, चांगला मुलगा. "नुसता ओटा कशाला? हॉलच बांधू. खाली किचन, बायांना घासाला ओटा, नळ, बाजूला पार्किंग. दर हळदीला मांडव घालाचा ताप जाईल."

"जागा?" कुणीतरी विचारलं.

"लिवलाय ना त्यात. गावकीच्या मालकीची."

"गावकीची जागा आता हाय कुठं?"

"तला हाय."

कुणीही विरोध केला नाही. सगळे मनातल्या मनात तळ्याची लांबीरुंदी मोजत होते. मी उभी राहिले. एक पंच हात दाखवून म्हणाले, "तुमी पाव्हन्या हाव. बसा." सभ्यपणे म्हणाले. भाविका अजून कागद हातात धरून उभी होती. तिने आईकडे बघितलं. आई दुसऱ्या हाताने मनगट धरून बसली होती, आणि मान खाली घालून होकार देत होती.

त्यानंतर मी पत्रक काढलं. 'तळे वाचवा.' चांगलं होतं ते, आजही वाटतं. भाविका माझ्याबरोबर घरोघर फिरली. काकीने दारातच विचारलं, "म्हंजे आमी परत खाली बसून घासाचा काय?" दुसऱ्या घरी एक जण म्हणाला, "तूच वाचलास ना सभेन? आता तूच नको म्हनतेस?" आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. पोच माझ्याकडे आहे. संध्याकाळी गल्लीत पडलेली पत्रकं भाविकाने वेचली, सरळ केली, पिशवीत घातली. मला माहीत होतं की त्यांची वही होणार. मी चिडले नाही. तेव्हापासूनच बहुतेक माझं चिडणं बंद झालं.

तळ्याच्या भरावाचं काम गावातल्या डंपरवाल्यांना वाटून मिळालं. त्यात तिचा बापूसही होता. जेवताना तिने त्याला विचारलं, "तुमीच टाकनार काय?" मी तिथे होते, ताटाकडे बघत.

त्याने घास खाली ठेवला. मोठ्या अंगाचा, हळू बोलणारा माणूस. "मी नाय टाकला तर दुसरा टाकंल, भावी. तो आननार डेब्रिज, फुटक्या लाद्या, पिशव्या, नायतर काय पन. मी निदान सोच्छ मुरूम टाकीन."

तिचाच शब्द. त्याने तो मुद्दाम वापरला नव्हता, इतकी वर्षं घरात ऐकून त्याच्या तोंडात बसला होता. भाविकाने मान हलवली आणि भातावर आमटी घेतली. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

आमचं भांडण झालं नाही. परीक्षा झाली, खोली सुटली. तिचा नंबर माझ्याकडे आहे, पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला आहे हे माहीत आहे. मी फोन करत नाही. करून काय बोलायचं ते ठरत नाही. हॉल झाला. ओटा चांगला आहे म्हणतात, छप्पर आहे, चार नळ आहेत. ताटं वापरतात की नाही, माहीत नाही.

तिला मी शेवटची पाहिली ती भरावाच्या पहिल्या दिवशी. सकाळचे दहा वाजले असतील. गावातली मुलं गुडघाभर पाण्यात उतरून मासे धरत होती, म्हातारे समोरच्या काठावर बसून सूचना देत होते, जत्रेसारखं वातावरण होतं. डंपर मागे मागे येत होता. काठावर थांबला, मागचा भाग वर उचलला गेला, आणि लाल मुरूम एका दमात पायऱ्यांवरून खाली घसरला. पाणी थोडं वर उडालं, कमळांकडे लाट गेली, एवढंच. मी घोषणा दिली नाही. माझ्या पिशवीत पत्रकं होती. त्यातलं एकही काढलं नाही.

भाविका मागच्या दारातून आली. पाठीवर सॅक, एका हातात चहाची किटली, सॅकपासून सोडवलेला ग्लास दुसऱ्या हातात. शेजारच्या टपरीवरून एक पोरगा प्लॅस्टिकच्या कपांत चहा घेऊन ड्रायव्हरांकडे निघाला होता. तिने त्याला हाताने थांबवलं आणि स्वतः डंपरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. ग्लास भरून वर दिला. बापसाने केबिनमधून हात बाहेर काढून घेतला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, तिनेही वर बघितलं नाही. तो प्यायला वेळ लावत होता. इंजिन चालू होतं. ती तशीच थांबली, ग्लास परत मिळेपर्यंत.

"बाजू हो गो," तो म्हणाला, आणि ग्लास खाली दिला.

डंपर पुढची खेप आणायला निघून गेला. भाविका ग्लास घेऊन पायऱ्यांकडे वळली, विसळायला. दोन पावलं गेली. पायऱ्या मुरुमाखाली होत्या. तिने खिशातली सुतळी काढून ग्लास उष्टाच सॅकला बांधला.